पावणेएकची नोंद

मुलगी : ...बाकीच्या अकरा भूकंपमापक केंद्रांवर काहीच नाही, बाबा. फक्त तुमच्या केंद्रावर ही खूण. रोज दुपारी पावणेएकला.

बाबा : खाणीतले सुरुंग असतील.

मुलगी : सुरुंग चारला उडायचे. ते तुम्ही लाल शाईनं लिहून ठेवलेत. शिंक आली तरी वहीत लिहिणारा माणूस, म्हणून नव्या मुलांना आम्ही तुमची वही दाखवतो. आणि या खुणेबद्दल नऊ वर्षांत एक अक्षर नाही?

बाबा : चष्मा कुठे ठेवला मी?

मुलगी : कपाळावर आहे. टाळू नका. कारण कळलं नाही, तर यंत्र बिघडलेलं होतं असं धरून तुमच्या केंद्राची नऊ वर्षं रद्द करणार आहेत. उद्या बैठक आहे.

बाबा : नऊच्या नऊ? अगं, तो मोठा धक्का सगळ्यात आधी माझ्या सुईनं पकडला होता.

मुलगी : तोही जाईल.

(कागदाची गुंडाळी उलगडल्याचा आवाज.)

बाबा : अजून काजळीचा वास येतोय बघ. दिव्यावर धरून कागद काळा करायचा, नळकांड्यावर गुंडाळायचा, मग सुई त्यावर पांढरी रेघ ओढत राहायची. माझे हात कायम काळे. तुझी आई म्हणायची, कोळसेवाल्याशी लग्न केलं असतं तर निदान रविवारी तरी घरी असता.

मुलगी : बाबा.

बाबा : सांगतो. यंत्र तळघरात. पन्नास पावलांच्या आत बाहेरचं कुणी यायचं नाही, आलंच तर वहीत नाव लिहायचं. नाव लिहिलं असतं तर माझ्या नोकरीवर गदा आली असती. मोज त्या खुणेतले रेघेचे दाते.

मुलगी : आठ. मग वीस मिनिटं सपाट. मग पुन्हा आठ.

बाबा : तळघराला पायऱ्या किती होत्या?

मुलगी : आई?

बाबा : डबा घेऊन यायची. यंत्र सोडून मला वर जाता येत नव्हतं. मी जेवायचो आणि ती सुईकडे बघत बसायची. हलायचं नाही, बोलायचं नाही. फार सुखाचे दिवस होते गं ते.

मुलगी : इथे पाच महिने काहीच नाही.

बाबा : तारीख बघ.

मुलगी : माझा जन्म.

बाबा : त्याच्या आधी बघ, पावलं किती सावकाश पडलीत. आणि नंतर मधली रेघ कधी सपाट राहिलीच नाही. तू पाय आपटायचीस.

मुलगी : हे सगळं लेखी द्यावं लागेल, बाबा. तुमच्या वहीची अब्रू जाईल.

बाबा : जाऊ दे. आण इकडे ती वही, आणि लाल पेन.

मुलगी : काय लिहिणार?

बाबा : तिचं नाव. नियमच आहे तो.