नव्या मागांना आवाज नाही

कानाच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर कापड गिरणीतल्या दोघी नंबराची वाट बघत बसल्या होत्या. एक पिकल्या केसांची, दुसरी तिशीतली.

“ताई, तुमची नणंद नोकरी सोडणार म्हणे?”

“अर्ज लिहून ठेवलाय तिनं.”

“आत्ता कशाला? नवे माग आले, तो खडखडाट गेला. डोकं कसं शांत झालं.”

“तुमचं झालं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिला खडखडाटाचं काय?”

“मग अडलं कुठे?”

“त्या आवाजात तुम्ही सगळ्याजणी हातांनीच बोलायचात. शिकलात कुणाकडून?”

“तिच्याकडूनच. साहेबांची नक्कल तर तिनंच करावी.”

“आता तुम्हाला तोंडं फुटलीत.”

“अहो, पण गिरणीच्या दारावर पाटी लावलीय ना, इथे सर्वांना सामावून घेतलं जातं म्हणून.”

“वाचली तिनं. वाचता येतं तिला.”

“तसं नाही म्हणायचं मला.”

“परवा जेवणाच्या सुट्टीत तू काहीतरी बोललीस, सगळ्या हसल्या. तीही हसली, पण सगळ्यांच्या मागून. घरी आल्यावर मला हातांनी विचारते, आपण कशाला हसलो?”

“मग काय सांगितलंत?”

“काय सांगणार? मलाही नीट ऐकू आलं नव्हतं. म्हणून तर इथे बसलेय.”

तेवढ्यात नर्सनं दारातून ताईंचं नाव पुकारलं. ताई समोरच्या भिंतीकडे बघत तशाच बसून राहिल्या.

धाकटीनं हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांच्यासमोर येऊन दोन्ही हात वर उचलले.