मालकाला मनाई

रक्तातली साखर तपासायच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. लेकीला अगदी राहवत नव्हतं.

“बाबा, सापडलं. आत्ता इथे उभ्या उभ्या सापडलं.”

“काय सापडलं?”

“आमच्या प्रश्नपत्रिकेच्या फाईलचा घोळ. ज्या सरांनी पेपर काढला, ते फाईलचे मालक. पण परीक्षा होईपर्यंत मालकाला मनाई आणि परीक्षा समितीला परवानगी. कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर हे नीट चालायचं. फाईल नव्या मशीनवर आणली, तर सरांनी खुशाल उघडली.”

“ते कसं काय?”

“जुनं मशीन विचारायचं, तुम्ही मालक का? मग तुम्हाला मालकाचा नियम, विषय संपला. नवं मशीन माणसाची सगळी नाती बघतं. सर समितीतही आहेत ना, म्हणून त्यांना आत सोडलं.”

“म्हणजे आपला बिस्किटांचा डबा. डबा माझा, पण मला बंदी आणि घरच्यांना मोकळीक.”

“अगदी तसंच. आता सगळ्यात वर सरांच्या नावाने स्पष्ट मनाई लिहायची. नवं मशीन तीच आधी वाचतं, की झालं काम.”

“पण त्या नव्या मशीनचं काही चुकलं नाही हं.”

“का?”

“मीही घरचाच आहे की.”

“बाबा, सकाळी डबा उघडलात?”

तेवढ्यात खिडकीतल्या ताईंनी विचारलं, “काका, उपाशीपोटीच आलात ना?”

“मालक म्हणून विचारत असाल, तर हो.”