मागचा सोडला

लेक : म्हणजे आजही नाही.

वडील : मोटार तुझ्या डोळ्यांसमोर लिफ्टवर टांगलीय, पुढची दोन्ही चाकं खाली भिंतीला टेकवून ठेवलीत, आणि विचारतेस आज मिळेल का. बेअरिंग आलं नाही. आलं की बसवतो.

लेक : मंगळवारी काय म्हणाला होतात?

वडील : येईल म्हणालो होतो. येईल म्हणजे आलं, असं कुठे असतं?

लेक : तुमच्याशी बोलायचं म्हणजे सोबत वकील आणायला हवा. जाऊ दे. आमचं काही अडलं नाही. सासूबाईंना स्टेशनवरून आणायचं होतं, तर तुमचा जावई बग्गी घेऊन गेलाय.

वडील : कुठली बग्गी?

लेक : आमच्याकडे काय बग्ग्यांचा ताफा आहे? नर्सरीची, डोंगरावर रोपं वाहायची ती उघडी गाडी.

वडील : डांबरी रस्त्याने?

लेक : मग सासूबाईंना काय दगडधोंड्यांतून आणणार? उताराच्या रस्त्याने गेलाय, वळणावळणाच्या.

वडील : अगं, त्या बग्गीचा मागचा बार सोडलाय मी.

लेक : हो ना. म्हणून तर नेली.

वडील : म्हणून नेली?

लेक : तो का-कू करत होता. मीच म्हटलं, बाबांनी पुढचा काढलाय, पण मागचा सोडलाय ना, मग जा आरामात.

वडील : सोडलाय म्हणूनच न्यायची नाही.

लेक : बाबा, काहीतरीच काय. सोडलाय तर मग अडचण कसली?

वडील : सोडलाय म्हणजे काय समजलीस तू?

लेक : सोडलाय म्हणजे... सोडलाय. हात लावला नाही. होता तसा राहू दिला.

वडील : खोललाय मी तो. नट काढून एका बाजूने मोकळा केलाय. गाडीखाली नुसता तारेने टांगलाय.

लेक : म्हणजे पुढेही नाही आणि मागेही नाही?

वडील : नाही.

लेक : नसला की काय होतं? मला यातलं ओ की ठो कळत नाही असं धरून सांगा.

वडील : डाव्या आणि उजव्या चाकाला एकमेकांशी बांधणारी आडवी दांडी असते ती. डोंगरावर तीच नडते. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही ओढते, सगळी गाडी हिसका खाते आणि तुमच्या रोपांचे ट्रे उडतात. तूच म्हणालीस ना, वर पोचेपर्यंत निम्म्या रोपांची मुळं उघडी पडतात?

लेक : म्हणाले.

वडील : म्हणून मोकळं केलं. तिथे माणसाच्या चालीने जायचं असतं, काही बिघडत नाही. पण रस्त्यावर, वेगात, वळण आलं की गाडी एका अंगावर जाते. तेव्हा तीच दांडी तिला सावरून धरते.

लेक : आणि धरायला कुणी नसलं तर?

वडील : फोन लाव त्यांना.

लेक : लावतेय. ... लागत नाही. वळणांत रेंज नसते तिथे.

वडील : पुन्हा लाव.

लेक : तेच करतेय मी. तुमच्याही फोनवरून लावून बघा.

वडील : माझा ते कशाला उचलतील?

लेक : उचलतो. तुमचं नाव दिसलं की आधी उठून उभा राहतो, मग उचलतो.

वडील : बंद लागतोय. मी जातो. ही मोटार... छे, हिला तर चाकंच नाहीत. असलं होऊन बसलंय. अगं पण जावई बग्गी न्यायला आले होते तेव्हा मी त्यांना स्वच्छ सांगितलं, पुढचा काढला, मागचा सोडला. न कळण्यासारखं काय होतं त्यात? त्यांनी मान डोलावली. एक अक्षर बदललं नाही आणि तरी ध चा मा झाला.

लेक : तो मान डोलावणारच.

वडील : कळलं नव्हतं तर विचारायचं.

लेक : विचारायचं? गेल्या खेपेला विचारलं होतं त्याने, बग्गीत ऑइल कुठून घालायचं म्हणून. तुम्ही काय म्हणालात?

वडील : गंमत केली मी.

लेक : काय म्हणालात ते सांगा ना.

वडील : म्हणालो, झारीने घाला, जावईबापू. मुळाशी.

लेक : चार गिऱ्हाइकं होती इथे. सगळी हसली. तोही हसला. घरी येऊन पानावरून उठला.

वडील : मला काय ठाऊक?

लेक : नर्सरीत शंभर माणसं त्याला विचारायला येतात, हे रोप का सुकलं, ते का वाढत नाही. एकालाही तो हसत नाही. आणि इथे आला की मुका होतो. तुम्ही बोलता ते तो नुसतं ऐकतो आणि घरी येऊन मला विचारतो, बाबांना काय म्हणायचं असेल गं? परवाही विचारलं. सोडला म्हणजे नक्की काय? म्हणाला, फोन करून विचारू का? मी म्हटलं, एवढ्यासाठी नको, पुन्हा काहीतरी ऐकून घेशील. सोडला म्हणजे तसाच ठेवला असणार, दुसरं काय. मी म्हटलं हे, बाबा. गॅरेजवाल्याची लेक ना मी.

वडील : तुझा काय दोष त्यात?

लेक : माझा नाही, त्याचा नाही. मग कुणाचा?

वडील : कळतंय मला. सारखं टोचू नकोस. मला भीती वाटतेय गं. खालून चौथं वळण फार वाईट आहे. तिथे बाहेरच्या बाजूला कठडा नाही.

(फोन वाजतो. लेक स्पीकर लावते.)

लेक : हॅलो! कुठे आहेस?

जावई : अगं, किती फोन ते तुझे. आत्ता रेंज आली. पाण्याच्या टाकीपाशी आहोत. आईला गरगरायला लागलं, म्हणून थांबलो. खाली उतरवलंय तिला.

लेक : तू बरा आहेस ना?

जावई : मला काय धाड भरलीय?

वडील : गाडी बंद आहे का?

जावई : बाबा? हो. हो, बंद आहे.

वडील : चावी काढून खिशात ठेवा. आणि मला सांगा, वळणावर कशी वाटत होती?

जावई : ठीक होती.

वडील : ठीक म्हणजे कशी?

जावई : म्हणजे... झोके घेत होती जरा. चौथ्या वळणावर आतली चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. आई ओरडली. मग मी अगदी हळू आणली. माझंच काहीतरी चुकत असणार, बाबा. सवय नाही मला रस्त्याची.

वडील : तुमचं काही चुकलेलं नाही. मागचा बार मी खोललेला आहे. सोडला म्हणालो ते त्या अर्थाने. मी धड सांगायला हवं होतं. ऐकताय ना?

जावई : खोललेला? म्हणजे पूर्ण वेळ...

वडील : पूर्ण वेळ. आता गाडी आहे तिथे जमीन सपाट आहे का?

जावई : आहे. टाकीवाल्यांनी सिमेंट केलंय.

वडील : उत्तम. सपाट नसती तर भोकं जुळली नसती. तुमच्या सीटखाली निळी पिशवी आहे. त्यात एक बोल्ट, नट आणि वॉशर आहे. सतराचा पाना तिथेच आहे, दोन आहेत. मागच्या डाव्या चाकाच्या आत वाकून बघा, त्या बारच्या टोकाला जोडलेली एक वीतभर उभी दांडी तारेने वर बांधलेली दिसेल.

जावई : बाबा, डावी म्हणजे... गाडीकडे तोंड करून डावी, की बसल्यावर डावी?

वडील : बसल्यावर तुमचा डावा हात येतो ती. बरं झालं विचारलंत.

जावई : दिसली. तार सोडू?

लेक : ए, सोडू बिडू नको म्हणूस आता. काढू म्हण.

वडील : तार काढा, फेकून द्या. दांडी खाली घ्या. तिच्या टोकाचं भोक आणि चाकाला धरणाऱ्या आडव्या लोखंडी हाताचं भोक समोरासमोर आणा. बोल्ट बाहेरून आत. आधी हाताने फिरवा, मग पान्याने. आला का?

जावई : थांबा हं. ... नाही. ... आला. हो, आला आत.

वडील : आता एका पान्याने बोल्टचं डोकं धरा, दुसऱ्याने नट आवळा.

जावई : किती आवळू? तुटेल का जास्त आवळला तर?

वडील : तुमच्या हाताने नाही तुटणार. म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला. बोल्ट जाड आहे, कुणाच्याच हाताने तुटत नाही. फिरायचा थांबला की अजून एक झटका द्या. बास.

जावई : बसला, बाबा.

वडील : बसला असेल. पण मी डोळ्यांनी बघेपर्यंत गाडी हलवायची नाही. पुढचा बार अजून इथेच पडलाय, तेव्हा वर मीच चालवत आणतो. तुम्ही दोघं सावलीला बसा, आईंना पाणी द्या. समोरच्या टायरवाल्याची मोटरसायकल घेऊन निघतो.

लेक : हात तरी पुसा.

वडील : तिथे पुन्हा काळेच व्हायचेत. निघालो मी.

जावई : ... गेले का गं?

लेक : काय रे?

जावई : आवाज बारीक कर. माझ्या हातून नट दोनदा खाली पडला. आई समोर आहे म्हणून... त्या वळणावर मला वाटलं, संपलं. तिला सावलीत बसवून टाकीमागे जाऊन रडलो मी, आणि मग तुला फोन लावला. बाबांना हे सांगू नकोस. त्यांना चेष्टेला आयुष्यभर पुरेल.

लेक : अरे...

जावई : नाही ना सांगणार? ते आहेत का तिथे अजून?

लेक : ते...

वडील : (दारातूनच, दबक्या आवाजात) नाही म्हणून सांग. हळू बोल. म्हणावं, बाबा केव्हाच गेले, त्यांनी काही ऐकलं नाही.