उभ्या गाडीचं पेट्रोल

(एका कानडी शहरातल्या जे. पी. नगरमधलं एक छोटं गॅरेज, सकाळची वेळ. मागचं सीट काढलेली मोटार. गॅरेजवाले हंबीरराव, गाडीचा मालक मल्हार आणि त्याचे वडील वासुदेव.)

मल्हार : मला एकच उत्तर हवंय, हंबीरराव. पेट्रोलचा काटा खोटं सांगतोय की ड्रायव्हर?

हंबीरराव : सीट आत्ता काढलं मी, सार. स्वल्प थांबा की.

वासुदेव : काटाच असणार. नवा बसवा आणि मोकळं करा आम्हाला.

मल्हार : बाबा, तुम्हाला एवढी घाई कसली? येऊ नका म्हटलं तर हट्टाने आलात.

वासुदेव : घरी बसून तरी काय करू?

हंबीरराव : काटा काय करतोय ते सांगा आधी.

मल्हार : सोमवारी अर्ध्यावर असतो. मग गाडी कुणी जागची हलवत नाही. दोन दिवसांनी बघावं तर काटा खाली. किलोमीटर तेवढेच. मी डॅशबोर्डचे फोटो काढलेत.

हंबीरराव : उतारावर लावता गाडी? तसं असलं तर पेट्रोल एका अंगाला जातंय. काटा कमी दाखवतोय.

मल्हार : नाही. बिल्डिंगच्या मागे, एकदम सपाट जागा. म्हणूनच म्हणतो, ड्रायव्हर, तो अभिराज, पेट्रोल काढतोय. सकाळी गाडी पुसायला चावी नेतो ना. रविवारी सगळ्यांसमोर विचारलं त्याला. मान खाली घालून उभा! चोर नसता तर काही बोलला असता की नाही? काटा बरोबर निघू दे, उद्यापासून त्याला बंद.

हंबीरराव : एकदम बंद?

मल्हार : मग काय करू, आरती ओवाळू? थांबा, ऑफिसचा कॉल आहे. हॅलो, येस, येस, ऑडिबल आहे ना मी? बाबा, जरा हळू हं.

वासुदेव : मी तोंड उघडलेलंच नाही.

हंबीरराव : गेले बाहेर. बसा अण्णा, त्या टायरवर बसा.

वासुदेव : हंबीरराव, एक विनंती होती. काटा बिघडलाय असंच सांगा त्याला.

हंबीरराव : मी टाकी उघडली पण नाही अजून.

वासुदेव : उघडू नका. त्या पोराची नोकरी वाचेल.

हंबीरराव : त्याची एवढी काळजी तुम्हाला?

वासुदेव : मला फिजिओथेरपीला तोच नेतो. हात धरून उतरवतो. चांगला मुलगा आहे.

हंबीरराव : माझ्या अक्काचा मुलगा तो. सख्खा भाचा.

वासुदेव : काय सांगता! मग तर प्रश्नच मिटला.

हंबीरराव : कसा मिटला? नवा काटा पण उद्या तेच दाखवला तर? भाचा चोर, मामा पण चोर. आणि खरं सांगू अण्णा, मला पण बघायचंय. मान खाली घातली म्हणतात ना सार. काढला असेल तर मीच त्याचा कान धरतो.

वासुदेव : तुमचाही संशय त्याच्यावरच?

हंबीरराव : त्याच्यावर आहे, आणि आता स्वल्प तुमच्यावर पण आहे. जिन्नस तपासू नका, नुसता बदला, असं म्हणणारं गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही.

वासुदेव : आला तो. तुमचं काम करा.

मल्हार : झालं का?

हंबीरराव : या सार, टाकीचं झाकण तुमच्यासमोरच उघडतोय, बघा. हं, आता तुम्हीच पुढं बसा. चावी फिरवा, इंजिन नको. हे बघा, टाकीतनं काढला हा फ्लोट. पेट्रोलवर तरंगतोय, त्याच्यावर काटा हलतोय. मी हातानं वर उचलतो. काय दाखवतोय बोला.

मल्हार : फुल.

हंबीरराव : आता खाली आणतोय. हळू.

मल्हार : पाऊण. अर्धा. पाव. आता लाल दिवा लागला.

हंबीरराव : मध्ये कुठं अडकला? उडी मारला?

मल्हार : नाही, स्मूथ आहे.

वासुदेव : परत एकदा बघा की.

हंबीरराव : परत. बोला सार.

मल्हार : सेम. अगदी सेम.

हंबीरराव : सरी, झालं. काटा बरोबर आहे.

मल्हार : म्हणजे अभिराजच!

हंबीरराव : सार, अभिराज माझा भाचा आहे. मागनं कळायला नको म्हणून सांगतोय.

मल्हार : काय? आणि हे आत्ता सांगताय? म्हणजे ही सगळी तपासणी...

हंबीरराव : त्याच्या विरुद्धच गेली की तपासणी. काटा बिघडलाय म्हणणं मला सोपं नव्हतं काय?

मल्हार : हं. ते आहे म्हणा.

हंबीरराव : आता दुसरं ऐका. या गाडीच्या टाकीच्या तोंडात झडप आहे, पाईप आत जात नाही. काढायचं तर सीटखालचं हे झाकण उघडायला लागतंय. मघाशी मी उघडताना तुम्ही बघत होता. स्क्रूवर काय होतं?

मल्हार : धूळ. थरच होता.

हंबीरराव : कंपनीतनं आल्यापासून कुणी हात लावलेला नाही. गाडीखाली कोरडं आहे, वास पण नाही. गळलेलं नाही, काढलेलं नाही.

मल्हार : मग गेलं कुठे?

हंबीरराव : जळलं. उभ्या गाडीचं इंजिन पण पेट्रोल पितंय, सार. एसी लावून रोज कुणी तासभर बसलं तर किलोमीटर तेवढेच राहतात, काटा उतरतोय. तुमचं मायलेज पडलं असणार.

मल्हार : पडलंय. मला वाटलं सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमुळे.

वासुदेव : ट्रॅफिकनेच पडलं असेल.

हंबीरराव : चावी दिवसभर कुठं असते?

मल्हार : दाराजवळच्या खुंटीला. अभिराज गाडी पुसून लगेच परत अडकवतो. मग घरात आम्ही तिघंच. मी तर खुर्चीतून उठत नाही. बाबा पेपर वाचतात. आणि आसावरी...

हंबीरराव : आसावरी कोण?

मल्हार : बायको माझी. दुपारी वॉकला जाते खाली. भर दुपारी वॉक! फोन आला की पण खालीच जाते. विचारलं तर म्हणते, घरात रेंज नाही. मला बरी रेंज असते!

वासुदेव : मल्हार.

मल्हार : थांबा बाबा, सगळं जुळतंय. काचा लावून, एसी लावून तासतासभर कोणाशी बोलते ही? आत्ताच विचारतो. तुमच्या दोघांसमोर विचारतो.

वासुदेव : ठेव तो फोन.

मल्हार : तुम्ही मध्ये पडू नका.

वासुदेव : ठेव म्हणतो ना! गाडीत मी बसतो.

मल्हार : तुम्ही? कोण येतं तुम्हाला भेटायला?

वासुदेव : या गावात कोण येणार मला भेटायला? पेपर वाचतो.

मल्हार : पेपर घरी वाचता येतो.

वासुदेव : मोठ्याने येत नाही.

मल्हार : मोठ्याने कशाला वाचायचा?

वासुदेव : बार्शीच्या एसटी स्टँडवर उभी नोकरी केली मी. कंट्रोलर होतो. भोंगा बंद पडला तर नुसत्या आवाजावर गाड्या पुकारायचो. तुझ्या घरात एका खोलीत तुझी मीटिंग, दुसऱ्या खोलीत आसावरीची. मला खोकला आला तरी दोन्ही दारं लागतात. पाणी हवं तर खुणेने मागतो. दिवाळीत तुझी आत्या फोनवर म्हणाली, कोण बोलतंय? वासूला द्या. मीच होतो तो. न बोलून आवाजच गेला होता माझा.

हंबीरराव : अय्यो अण्णा.

मल्हार : अहो, पण काचा उघडून वाचायचं. इंजिन कशाला?

वासुदेव : वॉचमन बघतो. म्हातारा एकटाच ओरडतोय म्हणेल. काचा लावल्या की गुदमरतं, म्हणून एसी.

मल्हार : रविवारी तुम्ही समोर होतात. मी अभिराजला वाट्टेल ते बोलत होतो.

वासुदेव : होतो. वाटलं, काट्यावर भागेल. आणि कबूल केलं असतं तर तू चावी काढून घेतली असतीस. नसतीस घेतली?

मल्हार : माहीत नाही.

वासुदेव : त्याला ठाऊक होतं सगळं. एकदा काचेवर टकटक करून विचारून गेला होता, अज्जा, बरं आहे ना? मीच म्हणालो होतो, वर सांगू नकोस.

हंबीरराव : म्हणून मान खाली! आणि मी मामा असून कान धरायला निघालो.

मल्हार : लावतो त्याला फोन. सॉरी म्हणतो, कामावर राहा म्हणतो. रिंग जातेय. कट केला.

हंबीरराव : तुमचा नाही उचलायचा. तिकडं एचएसआर भागात एकांनी बोलावलंय ड्रायव्हर म्हणून. सकाळीच गेला बघायला.

मल्हार : तुमच्या फोनवरून लावा ना, हंबीरराव.

वासुदेव : त्यांच्या नको. माझ्या फोनवरून लावतो.

मल्हार : बाबा, लागला की माझ्याकडे द्या. मी बोलतो.

वासुदेव : तू नंतर बोल. हॅलो, अभिराज? अज्जा बोलतोय. नाही रे, आज गाडीतून नाही. मल्हार माझ्या शेजारी उभा आहे, त्याच्यासमोरच बोलतोय.