भात वाढला!

मंडळी, कीर्तनं करून करून घसा बसलाय आज, पायही दुखताहेत. तेव्हा प्रश्न एकच विचारतो. देवानं जीभ दिली — मग दमलेली बाई 'मी दमले' असं म्हणत का नाही? बोला! गप्प? बरं, मग ऐका!

एक होती प्रमिला. घाटावरची. घरच्यांनी ठरवलं — उद्या समुद्रावर जायचं! ठरवायला काय लागतं हो? पानाला चुना लावता लावता ठरलं! पण बांधाबांध कुणी करायची? प्रमिलानं! पहाटे उठली. दशम्या लाटल्या, दहीभात कालवला, चटणी कुटली. पाण्याचा कॅन, सतरंजी, टॉवेल, सासूबाईंचं गुडघ्याचं तेल. आणि दीर विलास अंथरुणातून विचारतोय — "वहिनी, लोणचं घेतलं ना?" अरे, तुला हात आहेत ना? पण ती म्हणाली, "घेतलं हो भाऊजी."

तिच्या मनात एवढंच होतं — या खेपेला समुद्रात पाय घालायचे. याआधीही गेली होती हो! पण पिशव्या राखत बसली. कावळे असतात, कुत्री असतात, कुणीतरी बसायला हवं ना!

भाड्याच्या गाडीनं पोचले. सगळे पाण्यात! आणि ही? बरोबर ओळखलंत — पिशव्यांपाशी! नवरा म्हणाला, "अगं, जेवणं झाली की तूही ये." जेवणं झाली की!

भुकेजून आले सगळे. ही वाढतेय, ते खाताहेत. शेवटी पातेल्याचा तळ लागला. आता आपल्यात अन्न 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. सासूबाईंनीच शिकवलेलं. विलासनं ताटली पुढं केली, तशी ती हळूच म्हणाली, "भाऊजी, भात वाढला."

"वाढला? कुठाय? ताटली तर रिकामी!"

आणि हसले सगळे! स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं असतं, तर कळला असता ना शब्द!

प्रमिलानं डाव खाली ठेवला. म्हणाली, "संपला, भाऊजी. भात संपला. दशम्या संपल्या. आणि मीपण संपले."

नवऱ्याच्या आत्ता लक्षात आलं, ही जेवलेलीच नाही! सगळ्यांना वाटलं, आता सासूबाई कडाडणार. तर म्हातारीनं आपल्या वाटची दशमी तिच्या हातावर ठेवली. "जन्मभर मी 'वाढलं'च म्हणत आले गं. जा तू. पिशव्यांपाशी मी बसते."

गेली! पण ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं. ओल्या वाळूतून पाय ओढत, दशमी चावत चालली. पोचली, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मागून गाडीवाला परत निघायला भोंगा वाजवतोय, वाजवतोय — तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही!

मंडळी, देवाला आपण कृपेचा सागर म्हणतो. आणि घरच्या माणसाला त्याच सागराच्या काठी राखण करायला बसवतो! वाईट वाटतं हो.

हसू नका. आत्ता देवळामागं चौघीजणी प्रसादाचा भोपळा चिरताहेत. माझं एक अक्षर त्यांच्या कानी पडलेलं नाही. उठा चार बाप्ये, विळ्या हातात घ्या, त्यांना पाठवा इकडं. त्या समोर येऊन टेकल्याशिवाय नामाचा गजर व्हायचा नाही.

उठा. थांबलोय मी.