दोनदा वाजलेली बेल

जबाब देणार: दुरुस्ती केंद्राच्या मालकांची मेहुणी, वय त्रेपन्न, धंदा सुरक्षा सल्लागार, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शिवणकामाच्या दुकानावरचा मजला.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. कामाच्या जागी दमदाटी, मारहाण होऊ नये म्हणून काय व्यवस्था लावायची आणि सुरक्षेचे नियम कसे पाळायचे, हे मी दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कारखान्यांच्या मालकांना सांगते. दात ठणकू लागल्यावर डॉक्टरकडे जावे तसे लोक मला बोलावतात, म्हणजे उशिरा आणि तोंड वाकडे करून.

घरगुती उपकरणे दुरुस्त करणारे सदर केंद्र माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचे आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. पूर्वी तेथील काउंटरवर माझी बहीण, म्हणजे ताई, बसत असे. एका गिऱ्हाइकाने आतून शटर ओढून घेतले व तिला इस्त्री फेकून मारली. बाहेरून शटर उचलून तिला बाहेर काढले ते तेथे चहा करणाऱ्या काकांनी. त्यानंतर ताई कामावर गेली नाही. खरे तर कुठेच गेली नाही. त्या वेळी तक्रार दिली नव्हती. का, असे विचारले असता, घरात तसे ठरले एवढेच मला माहीत आहे.

त्यानंतर मी भाऊजींच्या मागे लागून काउंटरखाली धोक्याची बेल बसवून घेतली. ती वॉचमनच्या खोलीत वाजायची. वाजली की वॉचमनने काउंटरपाशी येऊन उभे राहायचे, कोणी आवाज चढवायचा नाही, आणि मालकांनी केबिनबाहेर यायचे नाही, कारण मालक दिसला की गिऱ्हाइकाचा राग भडकतो. हे सर्व मी कामगारांकडून करवून घेतले होते. भाऊजींनीही मान डोलावली होती.

घटनेच्या दिवशी नियमांची तपासणी करणारे अधिकारी येणार होते, म्हणून "येऊन एकदा नजर टाकून जा" असा भाऊजींचा निरोप आला. मी सकाळी केंद्रात गेले. आता काउंटरवर ज्या बाई बसतात त्यांना सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्या दिवसभर थांबत नाहीत. बेल चालू आहे का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "न चालून जाते कुठे, मॅडम! सकाळपासून वाजतेच आहे," आणि हसत हसत त्यांनी ती दोनदा दाबली. जरा वेळाने आतून काका ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन आले. एकदा वाजली की कामगारांचा चहा, दोनदा वाजली की पाहुण्यांचा, अशी तिथली पद्धत पडली होती. बेलची तार चहाच्या खोलीत नेली होती आणि वॉचमनला मागच्या गोदामात माल उतरवायला लावले होते.

तो चहा मी घेतला. चिडायलाही त्राण लागते. काका म्हणाले, "साखर कमी घातलीय, ताईंना लागायची तशी. कशा आहेत त्या?" मी म्हणाले, बरी आहे. ते म्हणाले, "एकदा आणा की इकडे. मी आहे ना."

मग मी केबिनमध्ये जाऊन भाऊजींना जाब विचारला. ते म्हणाले, "अगं, नुसती शोभेला ठेवायची का बेल? इतक्या दिवसांत एकदा तरी गरज पडली? पडून पडून गंजली असती. मीच म्हटलं, राहू दे वापरात." मी म्हणाले, "भाऊजी, गरज पडली नाही म्हणून काय तिचा चहा करायचा?" ते म्हणाले, "तू म्हणजे ना, कायम सुतकी चेहरा. साहेब येऊन जाऊ देत, मग बघू."

एवढ्यात बाहेर आवाज चढला. केबिनला काच आहे, त्यातून मला दिसले ते सांगते. चष्मा लावलेला एक किरकोळ अंगाचा माणूस लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचलून काउंटरसमोर उभा होता. तो ओरडत होता, "आईची इंजेक्शनं नासली सगळी त्या फ्रिजपायी! उद्या या, परवा या. तुमचा उद्या उगवतो तरी कधी?" रेडिओबाईंनी काउंटरखाली हात घातला. धोका असेल तर बेल दाबून धरायची, असे मी शिकवले होते. त्यांच्या बोटाने सवयीने दोनदा दाबली. दाबून धरली असती तरी ती वाजली चहाच्या खोलीतच असती, हे कृपया लिहावे.

काका दोन कप घेऊन आले. पाहुणे आलेत अशीच त्यांची समजूत. ते सरळ त्या माणसाजवळ गेले आणि म्हणाले, "साहेब, आधी चहा घ्या. बसा ना, उभ्यानं कशाला?" तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने स्टूल खाली आणले. स्टुलाचे पाय फरशीला टेकले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. इतकी वर्षे मी लोकांना जे शिकवत आले, ते मला त्या क्षणी समोर घडताना दिसत होते आणि मला खूप बरे वाटले.

भाऊजी उठले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली व म्हणाले, "आत्ता जाऊ नका. निवतोय तो." ते म्हणाले, "माझ्या दुकानात मला शिकवू नकोस," आणि "धरा रे त्याला!" असे ओरडत बाहेर गेले. धरायला तिथे कोणीच नव्हते. तो माणूस दचकला आणि त्याने स्टूल फिरवले. भाऊजींना लागले नाही. स्टूल काकांच्या कानशिलावर बसले.

तो माणूस पळाला नाही. सांडलेल्या चहात फतकल मारून बसला आणि "मी घेणार होतो, मी चहा घेणार होतो," असे म्हणत राहिला. काकांचे डोके माझ्या मांडीवर होते. ते अद्याप शुद्धीवर आलेले नाहीत. काकू दवाखान्याच्या जिन्यातून हलत नाहीत. रेडिओबाई तेव्हापासून एक अक्षर बोललेल्या नाहीत.

काल संध्याकाळी भाऊजी माझ्या घरी आले. म्हणाले, "घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? तू एवढंच सांग, बेल जागच्या जागी होती, त्या बाईनं चुकीची दाबली. आणि काका चहाचे, त्यांचं काउंटरवर काय काम? आपणहून मध्ये पडले." ताईचे काय म्हणणे आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, "तिचं काय म्हणणं असणार? ती बोलते कुठे?" ताईचा संसार त्याच दुकानावर चालतो, याचीही त्यांनी जाताना आठवण करून दिली. ती आठवण मला रात्रभर पुरली.

तरी माझे सांगणे असे की, काका मध्ये पडले नाहीत. मालकांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे बेल वाजली आणि काका आले. रेडिओबाईंची यात चूक नाही. त्यांना कामावरून काढले तर मी पुन्हा येऊन हेच सांगेन.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. "चहावाला इसम मध्ये आल्याने जखमी" असे आले तेथे मी थांबवले आणि "कामावर असलेला कामगार बेल वाजल्यावरून आला व जखमी झाला" असे करून घेतले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

आणखी एक. मी आज येथे पोहोचले तेव्हा ताई माझ्या आधीच बाहेरच्या बाकावर येऊन बसली होती. कोणी आणली नाही, एकटी आली. तिलाही जबाब द्यायचा आहे, या प्रकरणाचा आणि त्या जुन्याचाही. ती हळू बोलते, घाई करू नये. आणि ती बोलत असताना या खोलीचे दार लावू नये.