पुरचुंडीभर डाळ

रतनबाई : बैल बघायला चाललाय ना तुमी? मग तुरीची डाळ कशाला?

सावळाराम : असू दे जवळ. दोन दिसांची वाट हाय.

रतनबाई : वाटंसाठी भाकरी बांधतीया. झुनका हाय, कांदा हाय. झाडाखाली बसून डाळ शिजवनार हाय का तुमी?

सावळाराम : भिमा असनार बरोबर. त्येला जेवनात डाळ लागती.

रतनबाई : भिमाभावजींना डाळीनं पित्त हुतं. तुमच्या भावाचं म्या तुमाला सांगायचं व्हय?

सावळाराम : मूठभर डाळ मागितली तर केवढी झडती घेतीस. बांधायची तर बांध, न्हाईतर ऱ्हाऊ दे.

रतनबाई : बांधते की. फकस्त कुन्या गावचं पानी बघायचंय, तेवढं सांगा.

सावळाराम : पानी कशाचं?

रतनबाई : मला हितं द्यायच्या आधी माझा बा आला व्हता, कमरंला एवढीच पुरचुंडी खवून. तुमच्या हिरीचं पानी काढलं, तीन दगडांची चूल मांडली, डाळ चढवली. त्येचं पान खाऊन हुईस्तवर डाळ पिठावानी मऊ झाली. तवा म्हनला, हितलं पानी हलकं हाय, पोर नांदंल. डाळ दोनच कामांना बरोबर नेत्यात. लेक द्यायची असली तर, न्हाईतर बिऱ्हाड न्यायचं असलं तर. आपली ठकी अजून रांगतीया.

सावळाराम : आवाज बारीक कर.

रतनबाई : कोन ऐकतंय? गेनबातात्या मागल्या अंगाला खांब रवतायत. अंबूकाकी खाली दगडापाशी हाय. चिमाजीच्या घराला कडी हाय. बोला आता.

सावळाराम : भोंगवलीला चाललोय.

रतनबाई : बैल न्हाईच मग.

सावळाराम : न्हाई. उद्या दुपारपासनं भिमाला धरनाच्या कामावरनं सुट्टी हाय, ते ऐतवार धरून. भाटघरला त्येला गाठायचा, दोघांनी मिळून दिवस मावळता भोंगवलीत पोचायचं. ऐतवारी पाटलाला भेटायचं, जागा बघायची, पानी बघायचं आन सांजच्याला माघारी. तितं न्हाई जमलं तर पुढच्या ऐतवारी खिंड वलांडून पालीला जायचं.

रतनबाई : भोंगवलीकडं भात कमी म्हनत्यात. बाजरीचा मुलूख.

सावळाराम : बाजरी खाऊ.

रतनबाई : खाऊ की. बाजरीनं कुनी मरत न्हाई. पन का खाऊ? सरकारी कारकून येऊन सांगून गेला न्हवं? पानी चुना फासल्याल्या खुनंच्या दगडापतुर येनार, दगडाखालची घरं उठनार, वरची ऱ्हानार. दगड खाली वाटंवर हाय. आपन वर, तात्या वर, चिमाजी वर. तिन्ही घरं यादीतनं काढली. मग आपन कशाला उठायचं, आन तेबी चोरून?

सावळाराम : भिमा म्हनतो, भिंत लई वर गेलीया. जुन्या धरनाचं पानी आपन जलमापासनं बघतोय, पार तळाला. नव्या भिंतीपुढं जुनी आता उंबऱ्याएवढी दिसती म्हनं. यंदाच्या पावसात नवी पानी धरनार.

रतनबाई : भिंत उंच झाली ते समद्या खोऱ्याला ठावं हाय. म्या भिंतीचं इचारलं न्हाई.

सावळाराम : मग काय इचारतीस?

रतनबाई : पल्याडच्या डोंगरावर असाच सरकारी चुन्याचा दगड हाय. उंबराच्या बुडाशी. वसरीवर तांदूळ निवडाय बसले की समोर दिसतो. त्येच्या खालची झाडं समदी तोडली, डोंगर निम्मा भादरल्यागत दिसतो. बघितलाय तुमी?

सावळाराम : बघितलाय.

रतनबाई : त्यो बघायला मला मान वर करावी लागती. आन आपला दगड बघायला खाली वाकावं लागतं. म्हैना झाला, रोज बघतीया. परातीत पानी घेतलं तरी दोन्ही कडंला सारखंच चढतं. मग हितंच ते तिरकं कसं बसनार?

सावळाराम : कुनाला बोललीस का ह्ये?

रतनबाई : न्हाई. अंबूकाकी म्हनते, दगड आधी आपल्या घराच्या मागं व्हता, वर, करवंदीच्या जाळीपाशी. मग एका दिसात आपसूक खाली आला. म्या हसून सोडून दिलं. म्हनलं, म्हातारीला काय दिसंल त्येचा नेम न्हाई. पन दगडाला पाय नसत्यात. कुनाच्या पहारीनं आला त्यो?

सावळाराम : माझ्या.

रतनबाई : कवा?

सावळाराम : तू ठकीच्या येळंला म्हायेरी व्हतीस तवा. भातकापनीचं दीस. आयेनं हातरून धरलं व्हतं. साहेब लोक येऊन करवंदीपाशी दगड रवून गेलं आन तिला कुनीतरी सांगितलं, घर पान्यात जानार. त्या दिसापासनं तिनं अन्न सोडलं. रोज इचारायची, सावळा, दगड कुठंशी हाय रं? म्या म्हनायचो, हाय तितं. ती म्हनायची, मग मला आत्ताच न्हेऊन पुर, पान्यात नगं पुरू.

रतनबाई : म्या आल्ये तवा आत्याबाईंचं समदं उरकलं व्हतं. तुमी यातलं मला काईच सांगितलं न्हाई.

सावळाराम : काय सांगू? एका दुपारी समदी खाचरात व्हती. दगड उचकटला, पोत्यावर घातला, वढत खाली आनला. तिच्या बाजंवरनं दारातनं दिसंल असा रवला. मग तिला उचलून बसवली. म्हनलं, आये, बघ, सायबानं दगड खाली नेला. पानी तितवरच येनार. तिनं डोळं बारीक करून लई येळ बघितलं. मग म्हनली, तांदळाच्या कन्या हायत का जरा?

रतनबाई : खाल्ल्या?

सावळाराम : वाटीभर. आठ दीस रोज खाल्ल्या. नवव्या दिशी गेली, दाराकडं तोंड करून. रतन, त्येचं मला अजून वाईट वाटत न्हाई. खोटं सांगनार न्हाई तुला.

रतनबाई : त्येचं कुनालाच वाटायचं न्हाई. म्होरलं सांगा.

सावळाराम : तेरावं झालं की दगड जागेवर ठिवायचा, असं मनाशी धरलं व्हतं. दहाव्यालाच कारकून आला. म्या नदीवर, डोई भादरून बसलेलो. त्येनं दगड बघितला, वर तीन घरं बघितली, यादीवर रेघ वढली आन गेला. म्या घरी आलो तर काकीनं दगडाला शेंदूर लावला व्हता, हार घातला व्हता. तात्या वाटंत आडवं पडून दंडवत घालत व्हतं. त्या मानसांपुढं म्या काय बोलू? आन शेंदूर लावल्यालं परत पहारीनं कसं उचकटू?

रतनबाई : सात म्हैनं झालं.

सावळाराम : रोज म्हनतो, आज सांगीन. सरकारी दगड हाय, बेड्या पडतील. आन बेड्यांचंबी सोड, काकीच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला.

रतनबाई : म्हनून तुमी ठरवलं काय? आपली पोरं गाडीत बसवायची, गाडी खिंडीत न्यायची आन तितनं मागं वळून वरडायचं, काकी, उठा?

सावळाराम : आपली जागा ठरू दे. मग सांगतो.

रतनबाई : मिरगाला तीन आठवडं ऱ्हायलं. ह्या ऐतवारी भोंगवली, पुढल्या ऐतवारी पाली, मग कवा? तवर पान्यानं थांबायचं का तुमच्यासाठी?

सावळाराम : म्या तांबडं फुटायच्या आत निघतो. तू फकस्त पुरचुंडी बांध. काकी येतीया वाटतं वर.

(अंबूबाई अंगणात येते. हातात हळदकुंकू आणि शेंदराचं ताट आहे. रतनबाई पुरचुंडी पदराखाली धरते.)

अंबूबाई : सावळा, गावलास बाबा. उद्या सकाळच्याला कुठं जाऊ नगंस. दगडातल्या आईपुढं नारळ फोडायचाय आन त्यो तुझ्याच हातनं. तुझ्या वाटंवर येऊन बसली ती, तुझा मान हाय.

सावळाराम : उद्या मला जरा काम हाय, काकी.

अंबूबाई : काम कुठं पळतंय? अरं, काल दिवस मावळता माझ्या सखूला आनली गाडीतनं. तिच्या सासरचं गाव उठतंय. म्या व्याह्यांना म्हनलं, नववा सरत आला पोरीचा, तिला घेऊन कुठं रानोमाळ फिरता? आमच्याकडं ठिवा, आमाला आई राखती. ती बी खुशीनं धाडली त्यांनी. पाय सुजल्यात तिचं, पन तोंडावर तेज हाय. रतने, दुपारी येऊन बघून जा.

रतनबाई : येते, काकी.

अंबूबाई : आन दुसरं म्हंजी, खालच्या वाडीची चार घरं वर येतायत. आढी-वासं उतरवलं त्यांनी. तुझं तात्या म्हनलं, दगडाच्या वर लागंल तेवढी जागा हाय, या. खांब रवायचं काम चाललंय ते त्यांचंच. आठ लेकरं हायत त्यांच्यात, वाडी कशी भरल्यागत वाटंल बघ.

सावळाराम : काकी, ते वासं वर आनू नगा.

अंबूबाई : का रं? तुझी जागा धरत न्हाईत ते.

सावळाराम : जागेचं न्हाई. पानी त्या दगडापाशी थांबायचं न्हाई. दगडाची जागा तितं न्हाईच. वर करवंदीपाशी हाय.

अंबूबाई : व्हती. मला काय ठावं न्हाई? म्या माझ्या डोळ्यांनी वर बघितला व्हता, आन दुसऱ्या दिशी माझ्याच डोळ्यांनी खाली बघितला. म्हनून तर शेंदूर लावला. जो दगड जागचा हलत न्हाई, त्यो नुसता दगड. जो आपल्यासाठी खाली आला, त्यो देव.

सावळाराम : देव न्हाई, काकी. म्या हलवला. पोत्यावर घालून. आयेला दिसावा म्हनून.

अंबूबाई : तू?

सावळाराम : तुमी समदी खाचरात व्हता. पोतं अजून माळ्यावर हाय, दाखवतो.

अंबूबाई : नगं दाखवू. तू आनला असशील. तुझ्या मनात कुनी घातलं ते? एवढा जड दगड तुला एकल्याला हलला कसा? आईनं तुझ्या हातनं करून घेतलं, पोरा. तुला वाटतंय तू केलंस. थोरली जाऊबाई पुन्यवान, तिच्या निमतानं वाडी वाचली.

सावळाराम : काकी, वाडी वाचली न्हाई. वाडी बुडनार हाय.

अंबूबाई : असं तोंडातनं काढू नगंस. घरात पोटुशी पोर हाय माझ्या.

सावळाराम : रतन, तू सांग. तुझं ऐकंल ती.

रतनबाई : म्या काय सांगू? पल्याडचा उंबर दिसतोय समोर. काकी, त्येच्याकडं बघा एकवार.

अंबूबाई : उंबर बघायला हितं कशाला येऊ? तुमी दोघं आज कायतरी बिनसल्यावानी करताय. आन तू पदराखाली काय धरलंयस, रतने?

रतनबाई : डाळ.

अंबूबाई : कसली?

रतनबाई : तुरीची. मूठभर. पुरचुंडी बांधलीया.

अंबूबाई : ठकी तर रांगतीया तुझी.

रतनबाई : व्हय, काकी.

अंबूबाई : बघू हिकडं. हातात दे माझ्या.

रतनबाई : घ्या.

अंबूबाई : निवडल्याली हाय. खडा न्हाई, टरफल न्हाई. खायची डाळ कुनी एवढी निवडत न्हाई. सखूला द्यायची व्हती तवा म्या अशीच निवडली व्हती, पार रातीपतुर. कुठलं पानी बघनार, सावळा?

सावळाराम : भोंगवलीचं.

अंबूबाई : कवा निघनार व्हतास?

सावळाराम : उद्या. तांबडं फुटायच्या आत.

अंबूबाई : म्हंजी आमच्या दाराला कडी असताना.

सावळाराम : व्हय.

अंबूबाई : तुझी आय निवांत गेली. गेली ती बरी गेली, त्येच्याबद्दल तुला बोल लावत न्हाई, म्याबी तेच केलं असतं. पन सात म्हैनं म्या त्या दगडापुढं दिवा लावतीया आन तू रोज माझ्या बाजूनं जातोस. माझी पोर म्या हौसेनं हितं आनली, सावळा. काल तुझ्याच अंगनातनं गाडी गेली. तू बैलाचं कासरं धरून वळवून दिलीस ती.

सावळाराम : धरलं व्हतं.

अंबूबाई : तवा तुझी जीभ का उचलली न्हाई?

सावळाराम : न्हाई उचलली, काकी. काय सांगू.

रतनबाई : काकी, खाली बसा. पानी देऊ का?

अंबूबाई : पानी नगं. ह्ये ताट आत नेऊन ठिव. म्या घरनं माझी मूठभर डाळ आनते, ती ह्या पुरचुंडीत घाल. आमच्या बिऱ्हाडासाठीबी पानी बघून या.

सावळाराम : आन खालची चार घरं? खांब रवतायत तात्या. म्या जाऊन सांगितलं तर तेबी तुझ्यावानीच म्हनतील, आईनं करून घेतलं. तूच ऐकली न्हाईस, ते काय ऐकनार?

अंबूबाई : न्हाई ऐकायची. तू बोलूच नगंस. त्यांच्या बाया डाळ वळखत्यात.

सावळाराम : म्हंजी कसं करू?

अंबूबाई : अंधारात निघू नगंस. उन्हं वर येऊ दे. खाली उतर, दगडापासनं जा, एकेकाच्या दारावरनं जा, सावकाश. आन पुरचुंडी हातात धर. झाकू नगंस.